निळी गाडी जागा सोडते

फोनवरच्या बाईंनी शेवटचा प्रश्न जाता जाता विचारावा तसा विचारला. "गाडी चालवता येते ना तुम्हाला?"

"हो, येते की," भिंगरी म्हणाली.

"मग येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी लायसन्स घेऊन हजर व्हा. नोकरी तुमची. नाही जमलं तर आधी कळवा, दुसरा उमेदवार तयारच बसलाय."

भिंगरीनं फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन आईला कमरेला धरून गिरक्या मारायला लावल्या, आणि उतू गेलेल्या दुधाच्या वासातच सगळ्या घराला बातमी कळली. नोकरी अशी होती: एक मोठी व्हॅन. तिच्या पोटात परीक्षानळ्या, भिंगं, चुंबकं, एक दुर्बीण आणि हाडांचा सापळा. ही फिरती प्रयोगशाळा घेऊन गावोगावच्या शाळांत जायचं, पोरांना प्रयोग दाखवायचे, सामान आवरायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. प्रयोग दाखवणारं माणूस तेच आणि व्हॅन हाकणारंही तेच. मुदत एक वर्षाची. त्यानंतर काय, हे बाईंनी सांगितलं नव्हतं आणि भिंगरीनं विचारलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी हातात पडल्यापासून ती जिथे जिथे मुलाखतीला गेली, तिथे तिथे तिला आधी बसायची खुर्ची दाखवण्यात आली होती. आणि ही मुलगी लहानपणापासून एका जागी बसत नाही म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलेलं. इथे निदान चाकं तरी होती.

आता कुणी म्हणेल, पोरगी धडधडीत खोटं बोलली. तर तसं अजिबात नाही. आपल्याला गाडी चालवता येते असं भिंगरीला अगदी मनापासून वाटत होतं. का वाटत होतं, हे कळायला तिच्या बाबांची निळी गाडी समजून घेतली पाहिजे.

निळी गाडी बिल्डिंगच्या खाली, जिन्याशेजारच्या खांबाला लागून उभी असे. बिल्डिंगमध्ये गाड्या बऱ्याच आणि खालच्या जागा मोजक्या. जागा कुणाच्या नावावर नव्हत्या. ज्याची गाडी उभी, त्याची जागा. गाडी हलली की जागा गेली. बाबांना खांबाशेजारची जागा मिळाली ती जुने सेक्रेटरी घर विकून गेले त्या सकाळी. त्यांच्या सामानाचा टेम्पो फाटकातून पुरता बाहेर पडला नव्हता, तोवर बाबांनी गाडी आत घातली होती. इतकी चपळाई त्यांनी आयुष्यात आधी कधी दाखवली नव्हती आणि नंतरही नाही. जागाही तशीच होती म्हणा. ऊन नाही, पाऊस नाही, डोक्यावर पक्षी नाहीत. अशी जागा सोडून कुठला शहाणा माणूस बाहेर जाईल? बाबा गेले नाहीत. भिंगरी तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आणि त्यानंतर निळी गाडी तसूभरही हलली नव्हती. बाबा बसनं ऑफिसला जात. सगळं घर बसनं लग्नाकार्याला जाई. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा पोट धरून कळवळत असताना तिनंच सांगितलं होतं, "अहो, टॅक्सी बोलवा. गाडी नको, जागा जाईल."

म्हणून गाडीची आबाळ होत होती म्हणाल, तर तेही नाही. दर रविवारी सकाळी बाबा कव्हर काढत, गाडी धूत, पुसत आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करत. इंजिन चालू असेपर्यंत सगळं घर गाडीत बसे. पुढे बाबा आणि आई, मागे भिंगरी आणि आत्या. आई थर्मासमधून चहा आणी, डब्यात बिस्किटं असत. काचा खाली करून मंडळी समोरच्या भिंतीकडे बघत चहा पीत, गप्पा मारत, आणि चहा संपला की बाबा इंजिन बंद करून म्हणत, "चला, झालं." भिंगरी मोठी झाली तसे ते तिला आपल्या सीटवर बसवू लागले. क्लच दाब, गिअर टाक, आरशात बघ, गिअर काढ. हँडब्रेक ओढलेला आणि चाकांपुढे विटा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. पाय कुठे, हात कुठे, नजर कुठे, सगळं तिच्या अंगात मुरलं होतं. मग बाईंनी विचारल्यावर तिनं दुसरं काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. म्हाताऱ्या बॅटरीनं त्या दिवशी इंजिन कसंबसं सुरू केलं, ते शेवटचंच. चहाचा पहिला घोट घेऊन बाबांनी भिंतीकडे बघत विचारलं, "एक वर्षाची नोकरी म्हणतेस. आणि वर्षानंतर?"

"माहीत नाही," भिंगरी मागच्या सीटवरून आनंदानं म्हणाली.

"माहीत नाही, हे काय उत्तर झालं?"

"खरं उत्तर झालं, बाबा."

आत्याला हसू फुटलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवून निवृत्त झालेली, अंगानं भारदस्त, आणि आवाज असा की मध्ये तार नसती तरी पलीकडे पोचला असता. ती हसली की गाडी हलायची. त्या गाडीला हलायचं तेवढंच एक निमित्त उरलं होतं.

"आमच्या पाणीपुरवठ्यात भरती निघतेय," बाबा म्हणाले. "परीक्षा दिलीस तर कायमची नोकरी. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर मग बघायलाच नको."

"तुमचं खिडकीजवळच आहे ना, बाबा? काय दिसतं खिडकीतून?"

बाबांनी जरा विचार केला. "टाकी," ते म्हणाले. "पण सावली चांगली येते."

"बाबा, मला कालपासून पोटात नुसत्या गुदगुल्या होतायत. भीतीपण वाटतेय आणि हसूपण येतंय. असं मला दहावीपासून कधी झालं नव्हतं. मला जायचंच आहे."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. नाही म्हणायचं आहे, पण धीर होत नाही.

सोमवारी भिंगरीनं लायसन्स ऑफिसात रांग लावली. शिकाऊ लायसन्स तिनं कॉलेज संपता संपता मैत्रिणींच्या नादानं काढून ठेवलं होतं. खिडकीमागच्या माणसानं पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला शुक्रवारची तारीख दिली, आणि ही चुकली तर पुढची महिन्यानं, असं तिच्याकडे न बघता बजावलं. मग ती सहज, म्हणजे आपली खात्री करून घ्यावी एवढ्याच हेतूनं, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे गेली.

मास्तर हा स्वभावानं फार शांत माणूस. त्या धंद्यात दुसऱ्या स्वभावाची माणसं टिकत नाहीत. भिंगरीनं सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, पट्टा लावला, क्लच दाबला, अलगद गिअर टाकला. मास्तर खूष झाले. "वा. कुठे शिकलात?"

"घरीच."

"छान हात आहे. आता हँडब्रेक सोडा, क्लच हळूहळू सोडा."

भिंगरीनं सोडला. आणि जे तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं ते झालं. समोरचा रस्ता तिच्या अंगावर यायला लागला. तिनं हात सोडले, पाय सोडले आणि डोळे गच्च मिटून घेतले. गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली.

"मास्तर," ती डोळे न उघडता म्हणाली, "हलली."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. "बाई," ते म्हणाले, "गाडीला तेवढी एक खोड असतेच. हलते ती."

पण भिंगरी मागे हटणाऱ्यातली नव्हती. मंगळवारी ती डोळे उघडे ठेवून चालवायला लागली. बुधवारी दुसरा गिअर, तिसरा गिअर, आणि मास्तरांचा घाम कमी. झाडं मागे जात होती, घरं मागे जात होती, आपण स्वतः त्यांना मागे टाकतोय, याचा तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं गायला लागली. मास्तरांनी गाण्याला हरकत घेतली नाही, फक्त दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गायला सांगितलं. गुरुवारी चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून तिनं क्लच असा काही तोलून धरला, असा काही धरला, की पुढून धूर निघाला. मास्तरांनी खाली उतरून वास घेतला आणि टोपी काढली.

"क्लच जळला. आता आठवडाभर गॅरेजला."

"आणि उद्याची माझी परीक्षा?"

"परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते, बाई. दुसऱ्या स्कूलवाले मला उभं करणार नाहीत. घरची आहे म्हणालात ना एक?"

घरची होती. पण ती घरची गाडी बाबांकडे मागण्यापेक्षा मास्तरांची गाडी उद्यापर्यंत नखांनी दुरुस्त करणं सोपं होतं.

संध्याकाळी ती बाबांसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. "गाडी काढायची?" ते म्हणाले. "खांबाजवळून?"

एवढ्यात समोरचे काका आत आले. समोरच्या फ्लॅटमधले हे काका. त्यांची पांढरी कोरी गाडी बाहेर रस्त्यावर झाडाखाली उभी असे, आणि रोज सकाळी तिच्यावरची पक्ष्यांची कृपा ओल्या फडक्यानं पुसताना ते खांबाकडे बघत उसासे टाकत. "ऐकलं मी," ते म्हणाले. "भिंती पातळ आहेत हो. साहेब, मी म्हणतो, मागेपुढे बघू नका. पोरीचा प्रश्न आहे. संधी अशी दारात येऊन उभी राहिलीय. काढा गाडी. टायरमध्ये हवा मी भरून देतो. धक्का मी मारतो. वायरी लावून इंजिन मी सुरू करून देतो."

इतकी वर्षं बाबांना साधी शिडी न देणारा हा माणूस पोरीच्या भविष्यासाठी असा कासावीस झालेला पाहून आईनं त्याच्यापुढे चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

बाबा उठले आणि शर्ट चढवून सेक्रेटरींकडे गेले. बिल्डिंगचे सेक्रेटरी नियमानं चालणारे गृहस्थ होते. त्यांच्या घरातली मांजरसुद्धा विचारल्याशिवाय जिना उतरत नसे.

"उद्या सकाळपुरती माझी जागा राखून ठेवता येईल का?" बाबांनी विचारलं.

"रिकाम्या जागेसाठी अर्ज करता येतो," सेक्रेटरी म्हणाले.

"मग मी आत्ता अर्ज देतो."

"आत्ता जागा रिकामी नाही. तिथे तुमची गाडी आहे."

"उद्या गाडी काढल्यावर देऊ?"

"द्या की. पण तेव्हा तुमची गाडी तिथे नसेल, म्हणजे जागा तुमची नसेल. मग तुमचा अर्ज कुठल्या नात्यानं घ्यायचा?"

बाबा घरी परतले ते चेहरा पाडूनच. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात परीक्षा दिलीस तर? त्या बाईंना जरा थांबा म्हणून सांग."

"दुसरा माणूस तयार बसलाय, बाबा." भिंगरी म्हणाली. "ते नाही थांबणार."

मग आई बोलली. आई मोठ्या आवाजात बोलणाऱ्यातली नव्हती, आताही ती हळूच बोलली. "मी इतकी वर्षं दर रविवारी त्या गाडीत बसून त्या भिंतीकडे बघतेय. तिच्यावर ओल आली की तुमच्या आधी मला कळतं. कंटाळा आलाय मला त्या भिंतीचा. पोरीला तरी दुसरं काही दिसू दे."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू हे वाक्य भलत्याच बाईच्या तोंडून आलं असावं.

"मी बसते जागेवर," आत्यानं जाहीर केलं. "खुर्ची टाकून बसते. लोकरीचं विणकाम घेते. बघू कोण उठवतो मला."

आत्याला बसल्या जागेवरून उठवणं हे काम आजवर एक्स्चेंजच्या साहेबांनाही साधलं नव्हतं. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "हातांची खुर्ची ने. कमरेला बरी पडते."

शुक्रवारी सकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली. विटा काढल्या. हवा भरली. काकांनी वायरी लावून इंजिन सुरू करून दिलं आणि बजावलं, "आता वाटेत बंद पडू देऊ नका हं. बॅटरीत जीव नाही. बंद पडली तर परत सुरू व्हायची नाही." हा सल्ला होता की मनातली इच्छा, ते कळायला मार्ग नव्हता. ब्रेक गंजून धरले होते. काकांनी धक्का मारला, सेक्रेटरींनी नियमात बसेल इतका हात लावला, आणि निळी गाडी कण्हत कण्हत पुढे सरकली. तिच्या खाली एक चेंडू, दोन बॅडमिंटनची फुलं, झाडण्यासाठी गाड्या हलवाव्यात अशी सेक्रेटरींची जुनी नोटीस आणि एक लहान चप्पल निघाली. त्या चपलेवरून पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. गाडी जागेतून पुरती बाहेर पडायच्या आत आत्यानं खुर्ची टाकली होती.

भिंगरी चालवत होती आणि बाबा शेजारी. बाबांकडे पक्कं लायसन्स होतं, त्यामुळे सूचना देण्याचा अधिकारही होता, आणि तो ते मुक्तहस्तानं वापरत होते. "डावीकडे बघ. उजवीकडे बघ. त्या सायकलवाल्याकडे बघ. इतकं बघू नकोस, समोर बघ." मध्ये मध्ये फोन काढून ते आत्याला विचारत, "आहे ना?" आणि आत्या म्हणे, "आहे." आत्याचा आवाज फोनमधून बाहेर येऊन मागच्या सीटपर्यंत जाई. नाक्यावर भिंगरीनं हॉर्न वाजवला. इतक्या वर्षांनी तोंड उघडायला मिळालेला तो हॉर्न काही केल्या बंद होईना. पुढचे लोक घाईनं बाजूला झाले, एका बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले. शेवटी बाबांनी स्टिअरिंगच्या मध्यावर एक बुक्की मारली, तेव्हा तो गप्प झाला.

लायसन्स ऑफिसमागच्या मैदानात पांढऱ्या पट्ट्यांचा आठचा आकडा आखलेला होता. तपासनीस साहेब जांभया देत शेजारच्या सीटवर येऊन बसले. बाबा खाली उतरून कुंपणाला टेकून उभे राहिले, फोन कानाला.

"इंजिन बंद करा, कागद दाखवा, मग पुन्हा सुरू करा," साहेब म्हणाले.

"साहेब, कागद दाखवते," भिंगरी म्हणाली, "पण बंद करायचं तेवढं सांगू नका. बंद केली तर पुढची परीक्षा धक्का मारण्याची होईल. आणि ती तुम्हालाच द्यावी लागेल."

साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग हातानं पुढे चला अशी खूण केली. आठच्या पहिल्या वळणावर तिचं कोपर लागून हॉर्न पुन्हा अडकला. साहेब काही सांगत होते ते ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि कानात बोटं घातल्यामुळे त्यांना हातानंही सांगता येत नव्हतं. मग ते हनुवटीनं सांगू लागले. हनुवटी डावीकडे, भिंगरी डावीकडे. हनुवटी उजवीकडे, भिंगरी उजवीकडे. चढावर ती थांबली. धूर निघाला नाही. मास्तरांचा क्लच उगीच गेला नव्हता. मागे घेताना खांबांच्या मधोमध गाडी अशी बसली की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं स्टिअरिंगवर बाबांसारखी बुक्की मारली आणि मैदानावर एकदम शांतता पसरली.

"भीती नाही वाटली?" साहेबांनी कानातली बोटं काढत विचारलं.

"वाटली, साहेब. अजून वाटतेय. पण मजा त्याहून जास्त आली."

"पास," साहेब म्हणाले. "आणि तो हॉर्न दुरुस्त करून घ्या."

कुंपणापाशी बाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उलटा लावला. पोरगी त्यांच्यासमोर आपल्या हातानं गाडी घेऊन येत होती. त्यांना कुणाला तरी लगेच सांगायचं होतं, आणि फोनवर आत्याच होती.

"ताई, पास झाली," ते म्हणाले.

आता जन्मभर दुसऱ्यांच्या आनंदाच्या बातम्या तारेवरून इकडून तिकडे पोचवलेली बाई. घरातली ही पहिली बातमी फोनवर ऐकून फोनवरच ठेवायला ती काय दगडाची होती? आत्या उठली आणि आईला सांगायला जिना चढली. मग पहिल्या मजल्याला सांगितलं, मग तिसऱ्या. दोन्ही मजले एकमेकांशी बोलले.

भिंगरी आणि बाबा परत आले तेव्हा आत्याची खुर्ची खांबाच्या पलीकडे नीट ठेवलेली होती, तिच्यावर विणकामाची घडी होती, आणि खांबाशेजारी काकांची पांढरी गाडी उभी होती. तिच्यावर कव्हरसुद्धा चढलं होतं. काका आपल्या बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते, खाली न बघता. फाटकाशी उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, "खुर्ची हे वाहन नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. सगळं नियमानं झालंय."

ज्या जागेसाठी बाबांनी बसचे धक्के खाल्ले, आईला टॅक्सीनं इस्पितळात नेलं, ती डोळ्यांदेखत गेली होती. ते नुसते खांबाकडे बघत बसले. भिंगरीला रडू यायला लागलं. आपल्या लायसन्सपायी हे झालं, असं तिला वाटलं. पण रडायलाही सवड नव्हती, कारण इंजिन बंद करता येत नव्हतं आणि मागे दुधाची गाडी हॉर्न देत होती. झाडाखालची काकांची जुनी जागाही कुठल्याशा टेम्पोनं घेतली होती.

तेवढ्यात आई आणि आत्या धावत आल्या आणि दारं उघडून गाडीत बसल्या. आत्याचे डोळे भरले होते. "माझ्यामुळे गेली रे," ती म्हणाली.

"फोन मी केला ना, ताई," बाबा म्हणाले. "माझ्याच्यानं राहवलं नाही."

भिंगरीनं बिल्डिंगला एक फेरी मारली. कुठे जागा नव्हती. दुसरी मारली. फाटकाशी सेक्रेटरींनी मान हलवली. तिसऱ्या फेरीला आईनं सवयीनं थर्मास उघडला. नाका आला तशी भिंगरीनं विचारलं, "बाबा, आता कुठे घेऊ?"

बाबांनी समोर पाहिलं. इतकी वर्षं त्या काचेतून त्यांना एक ओल आलेली भिंत दिसत आली होती. आता लांबपर्यंत रस्ता होता, त्याच्या कडेनं झाडं होती आणि पुढे एक वळण.

"माहीत नाही," ते म्हणाले. स्वतःच्याच तोंडून हे ऐकून त्यांना जरा नवल वाटलं. मग त्यांनी खिशातला फोन बंद केला. "सरळ घे. बघू."

हे 'बघू' वेगळं होतं, ते मागच्या सीटवरही कळलं. चहा सगळ्यांच्या कपड्यांवर सांडला आणि कुणी तक्रार केली नाही. आत्या हसायला लागली, पण गाडी आधीच हलत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारपर्यंत निळी गाडी ठेवायची सोय मास्तरांनी केली. त्यांची गाडी गॅरेजला असल्यानं त्यांचं अंगण रिकामं होतं, आणि गॅरेजवाल्यानं जाता जाता निळ्या गाडीत नवी बॅटरी बसवून दिली. हॉर्न तेवढा राहिला.

सोमवारी सकाळी बाबांनी रजा टाकली. खिडकीजवळच्या टेबलावर त्या दिवशी कुणी नव्हतं, टाकी एकटीच होती. निळी गाडी त्यांनीच चालवत प्रयोगशाळावाल्या संस्थेच्या दारात आणली. आई शेजारी, आत्या मागे, थर्मास मध्ये. फोनवरच्या बाई प्रत्यक्षात ठेंगण्या निघाल्या. त्यांनी लायसन्स पाहिलं, किल्ली भिंगरीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सापळ्याचा पट्टा घट्ट बांधा. वळणावर तो अंगावर येतो."

"मी येतो जरा नाक्यापर्यंत, तुझ्या मागून," बाबा म्हणाले.

भिंगरी व्हॅनमध्ये चढली. सीट उंच होती आणि रस्ता फार लांबपर्यंत दिसत होता. सीट पुढे, आरसा नीट, पट्टा, क्लच, गिअर. परीक्षानळ्या किणकिणल्या. समोरचा रस्ता तिच्याकडे यायला लागला.

"हलली," ती शेजारच्या सापळ्याला म्हणाली, आणि डोळे मोठे करून समोर बघत राहिली.

नाका आला, गेला. आरशात निळी गाडी तशीच मागे होती. पुढचा चौक आला, तोही गेला. गाव संपलं, शेतं लागली, तरी बाबा मागेच. शेवटी रस्त्याला दोन फाटे फुटले. पहिली शाळा उजवीकडे होती, भिंगरी उजवीकडे वळली. बाबांनी निरोपाचा हॉर्न दिला आणि तो अर्थातच अडकला. आईनं खिडकीबाहेर हात काढला होता, आत्या पूर्णच बाहेर आली होती. भिंगरी आरशात बघून हसत होती आणि मनगटानं डोळे पुसत होती. तिला वाटलं, आता बाबा बुक्की मारतील, गाडी वळवतील आणि घरी जातील.

बाबांनी बुक्की मारली नाही. हॉर्न वाजत राहिला, आणि निळी गाडी मागे न वळता डावीकडच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यानं पुढे काय आहे, हे गाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.